निळ्या टोपात पहिले काय शिजले

आषाढातली एक नेहमीची सकाळ होती. कौलांवरून पागोळ्या गळत होत्या आणि स्वयंपाकघरात अजून अंधूक होते. गुणवंतीने चुलीतली राख मागे सारली, माडाच्या सुक्या झावळीचे तुकडे मोडून रचले आणि ती फळीपाशी आली. दोन्ही हातांनी माझे जड झाकण उचलून तिने माझ्या पोटातून काडेपेटी काढली, एक काडी ओढली, पेटी परत ठेवली आणि झाकण पूर्ववत बसवले. चुलीवर चहाचे आधण चढले. पावसाळ्यामुळे होड्या वर ओढलेल्या होत्या, म्हणून तिचा सासरा जानू पडवीत बसून फाटलेले जाळे विणत होता. थोड्या वेळाने तिची सासू तुळसा न्हाऊन आली. तिला देवापुढे दिवा लावायचा होता. तिनेही माझे झाकण उचलले, काडेपेटी घेतली आणि झाकण ठेवताना पदराच्या टोकाने माझ्यावरची धूळ पुसली. ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. गुणवंतीही मघाशी अशीच बघत राहिली होती. दोघींनी एकमेकींकडे मात्र पाहिले नाही.

मित्रांनो, मी बिडाचा टोप आहे. बाहेरून गडद निळा, आतून दुधासारखा पांढरा. माझा जन्म हॉलंडमधल्या एका कारखान्यात झाला. तिथे वितळलेले लोखंड वाळूच्या साच्यात ओतले, आणि मी निवाल्यावर तो साचा फोडून टाकला. म्हणून माझ्यासारखे अनेक आहेत, पण तंतोतंत माझ्यासारखा दुसरा नाही. मग माझ्या अंगावर काचेची पूड फवारून मला धगधगत्या भट्टीत ठेवले. काच वितळली आणि माझ्या अंगाला कायमची चिकटून बसली. या मुलाम्याला लोक इनॅमल म्हणतात. इतका थाट करून घेतलेला मी चौऱ्याऐंशी सालच्या त्या पावसाळ्यात रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात काडेपेट्या सांभाळत होतो. हे कसे घडले, ते सांगतो.

तुळसाचा मुलगा भिवा मालवाहू बोटीवर स्वयंपाकी होता. रॉटरडॅमला बोट लागली असताना तो एका भांड्यांच्या दुकानात शिरला. तिथे चकचकीत, हलकी, स्वस्त भांडी पुष्कळ होती. बोटीवरच्या भटारखान्यात दिवस काढलेल्या भिवाने ती नुसती हातात घेऊन खाली ठेवली. मग तो आमच्या रांगेकडे वळला. त्याने एकेकाला बोटाने वाजवून पाहिले. काठावरून अंगठा फिरवून मुलामा कुठे उडाला आहे का, ते तपासले. झाकण ठेवून ते डुगडुगते का, हे पाहिले. माझ्या शेजारच्या लाल टोपाचे झाकण घुमटासारखे होते आणि त्याची मूठ प्लास्टिकची होती. तो टोप त्याने बाजूला सारला. माझे झाकण सपाट, भोवती थोडी उभी कड, आणि मूठही लोखंडीच. भिवाने खिशातली काही नाणी त्या झाकणावर पसरली आणि मला हलवून पाहिले. एकही नाणे खाली पडले नाही. दुकानदारीण गोंधळून बघत राहिली. शेवटी भिवाने मला उघडून माझ्या पांढऱ्या तळाकडे पाहिले आणि मान डोलावली. दोन कान धरून उचलताना तो हसला, कारण मी भलताच जड होतो.

नाण्यांचे कोडे मला घरी आल्यावर उलगडले. वैशाखात भिवा सुट्टीवर आला. आल्या दिवशीच आईला एकटी गाठून तो म्हणाला, "आये, ह्या झाकणावर निखारे ठेव. एकपण घरंगळायचा नाय. तुझ्या धोंडसासाठी आणलाय."

धोंडस म्हणजे तवशाचा, म्हणजे मोठ्या पिकल्या काकडीचा गोड केक म्हणा ना. तवशाचा कीस, तांदळाचा रवा, गूळ आणि खोबरे एकत्र करून ते खाली विस्तव आणि वर निखारे अशा दुहेरी आचेवर भाजतात. गणपतीत तुळसाचे धोंडस खायला अख्खी वाडी येई. पण तिचे पितळी पातेले तळाशी चिरले होते आणि कल्हईवाल्याने हात टेकले होते. मागच्या वर्षी तिने धोंडस एका नव्या ॲल्युमिनियमच्या पातळ टोपात लावले. ते खाली करपले आणि मध्ये कच्चे राहिले. तुळसाने ते कोणाला न दाखवता गुरांपुढे टाकले आणि आता आपल्याच्याने होत नाही, असे सांगायला सुरुवात केली. भिवाच्या मनाला ते लागले होते.

त्याच दिवशी संध्याकाळी विहिरीपाशी तो बायकोला म्हणाला, "आतून काच हाय. कितीपण आमसुलं घाल, कालवण कळकायचं नाय. तुझ्यासाठी आणलाय."

तेही खरे होते. गुणवंती अंजनवेलची. तिच्या माहेरी सकाळचे कालवण मुरवून रात्री खायची रीत. पण मातीची मडकी तिच्या हातून फुटत, आणि ॲल्युमिनियमच्या टोपात आमसुलाचे आंबट कालवण संध्याकाळपर्यंत कळके, धातूसारखे लागे. जानू फक्त वाटी जराशी दूर सरकवी. सासऱ्याची ती सरकवलेली वाटी गुणवंतीला कोणत्याही टोमण्यापेक्षा जास्त बोचे.

भिवाने दोघींना खरे तेच सांगितले, पण दोघींना एकत्र बसवून सांगितले नाही. आणि या घराची एक जुनी रीत तो साफ विसरला. ज्या भांड्यात एकदा मासळी शिजली, त्यात देवाचा नैवेद्य करायचा नाही. ज्यात नैवेद्य होतो, त्यात मासळी घालायची नाही. म्हणजे माझ्यात पहिल्यांदा जे शिजेल, त्यावर माझे पुढचे आयुष्य ठरणार होते. भिवा मला साबणाने हलक्या हाताने धुवायचे, राख नि काथ्या लावायचा नाही, लोखंडी उलथन्याऐवजी करवंटीची पळी वापरायची, हे सगळे शिकवून ज्येष्ठात बोटीवर निघून गेला. मागे मी राहिलो, आणि दोन बायका.

तुळसा म्हणे, "घे गो तू. तुझ्या नवऱ्यानं आणलान." गुणवंती म्हणे, "छे, आत्याबाई, तुमच्या लेकानं आणलान." ऐकणाऱ्याला वाटावे, केवढा हा समजूतदारपणा. पण दोघींच्या आवाजात अशी काही धार असे, की दुसरीने खरोखर मला उचलले असते, तर घरात आठ दिवस कोणी कोणाशी बोलले नसते. पाऊस सुरू झाला, काडेपेट्या सर्दावू लागल्या आणि माझे झाकण घट्ट बसते, हे जानूच्या ध्यानात आले. त्याने घरातल्या सगळ्या काडेपेट्या गोळा करून माझ्यात टाकल्या. कोणीच हरकत घेतली नाही.

शेजारच्या यमुनाबाईला मात्र राहवले नाही. मीठ मागायला आलेली ती माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "काय गो तुळसा, लेकानं सातासमुद्रापलीकडनं टोप आणलान, नि तू त्यात काडेपेट्या रांधतेस?"

"रांधते तर," तुळसा म्हणाली. "वाटीभर वाढू तुला?"

यमुनाबाई हसत गेली. तुळसा हसली नाही. जाताना यमुनाबाईने दारातून विचारले होते की यंदा गणपतीला धोंडस आहे ना. तुळसा मिठाच्या बरणीचे झाकण लावत राहिली होती. गुणवंती पाट्यावर वाटण वाटत होती. तिने ते ऐकले आणि तिचा वरवंटा क्षणभर थांबला.

मित्रांनो, फळीवर बसून दिवस काढणे किती कठीण असते, हे तुम्हाला कसे सांगू? धग सोसण्यासाठी मला घडवले होते, आणि मी ओलीपासून काड्या राखत होतो. पण माझ्या दुःखापेक्षा मोठे दुःख मला समोर दिसे. तुळसा रिकाम्या हाताने हवेत तवसे किसल्यासारखे करी आणि मग कोणी पाहिले तर नाही ना, म्हणून इकडेतिकडे बघे. ज्या कामाने आपल्याला नाव दिले, ते आपल्या हातून सुटते आहे, असे तिला वाटू लागले होते.

श्रावण संपला. गणपती आले. त्या दिवशी सकाळी गुणवंती फळीपाशी आली आणि तिने माझे झाकण नुसते उचलले नाही, ते खाली ठेवले. सगळ्या काडेपेट्या सुपात काढल्या. मला पाण्याने विसळून, पुसून, ओट्यावर सासूच्या पुढ्यात आणून ठेवले. शेजारी एक पिवळेधमक तवसे ठेवले. ते तिने आदल्या दिवशीच्या बाजारातून आणून धान्याच्या कणगीमागे लपवले होते.

"आत्याबाई," ती म्हणाली, "रवा मी भाजते. किसायचं तुम्ही."

तुळसाने तवशाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. मग म्हणाली, "यात एकदा केलं की तुला कालवण नाय करता यायचं."

"मी मडक्यात करीन की."

"मडकी तू वर्षाला दोन फोडतेस."

"तीन फोडीन," गुणवंती म्हणाली. तेव्हा तुळसा हसली. कितीतरी दिवसांनी त्या स्वयंपाकघरात मी ते हसू ऐकले.

माझ्या तळाला तूप लागले, त्यावर हळदीची पाने अंथरली गेली आणि त्यांवर ते सोनेरी मिश्रण ओतले गेले. चुलीचा विस्तव मंद केला. माझ्या झाकणावर निखारे पसरले. एकही घरंगळला नाही. पहिल्यांदाच माझ्या अंगात ऊब शिरली आणि मला माझा जन्म आठवला. पण मनातून मी घाबरलो होतो. बीड उशिरा तापते आणि तापले की लवकर निवत नाही. पितळेच्या हिशेबाने तुळसाने मला चुलीवर ठेवले असते, तर धोंडस पुन्हा करपले असते. पण तुळसा पातेल्याच्या सवयीवर विसंबली नाही. ती माझ्याजवळ बसून राहिली. कान जवळ नेऊन आतली खदखद ऐकत राहिली, वास घेत राहिली. हळदीच्या पानांचा वास बदलताच तिने खालचा विस्तव ओढून काढला आणि वरचे निखारे तसेच ठेवले. उरलेले काम मी माझ्या साठवलेल्या उष्णतेने पुरे केले.

खरी अडचण पुढेच होती. धोंडस ताटात उलटे काढायचे असते. तुळसाने कान धरून मला उचलू पाहिले, आणि मी तसूभरही हललो नाही. माझे वजन, त्यात भरलेले धोंडस. तिने पुन्हा प्रयत्न केला. मग तिने एक कान सोडला आणि सुनेकडे पाहिले. गुणवंतीने फडके गुंडाळून तो कान धरला. एक कान सासूच्या हातात, दुसरा सुनेच्या.

"मी हूं म्हटलं की," तुळसा म्हणाली. "आधी नको."

"बरं."

"हूं."

मी ताटावर उलटा झालो. क्षणभर काहीच हलले नाही. मग माझ्या पोटातून एक मऊ, जड वस्तू सुटली. मला बाजूला घेतले तेव्हा ताटात धोंडस अखंड उभे होते, तांबूस, वर पानांच्या शिरा उमटलेल्या. दोघींच्या कपाळावर घाम होता. जानू दारातून बघत होता. दुपारी त्याने दोनदा मागून घेतले. यमुनाबाईने तिसरा तुकडा घेताना कबूल केले की असे धोंडस तिने पाच-सहा वर्षांत खाल्ले नव्हते.

मित्रांनो, तुमच्या घरीही फळीवर एखादे चांगले भांडे जपून ठेवलेले असेल. त्याला जरूर जपा. रिकामे तापवू नका, तापलेल्यावर गार पाणी ओतू नका, घासताना राख लावू नका. पण न वापरता ठेवणे म्हणजे जपणे, असे समजू नका. आणि ते कोणाचे, हा प्रश्न पडला, तर त्याला किती कान आहेत, तेवढे एकदा मोजून पाहा.

पुढे गौरी आल्या. गौर जेवते त्या दिवशी आमच्याकडे तिला मासळीचा नैवेद्य असतो, आणि तेवढ्यापुरता गणपती नि गौर यांच्यामध्ये पडदा ओढतात. गुणवंती सकाळीच बंदरावरून ताजे बांगडे घेऊन आली. ते साफ करून तिने खुंटीवरचा ॲल्युमिनियमचा टोप काढला आणि चुलीकडे वळली. चुलीवर मी होतो. धुतलेला, पुसलेला, खाली मंद विस्तव. पाटा पुढ्यात घेऊन तुळसा बसली होती.

तुळसाने हात पुढे करून सुनेच्या हातातला टोप घेतला आणि पुन्हा खुंटीला लावला. मग पाट्यावरचे वाटण बोटांनी निपटून तिने माझ्यात सोडले. गुणवंती जागच्या जागी उभी राहिली.

"आत्याबाई, पुढच्या वर्षी धोंडस?"

"पुढच्या वर्षी मडक्यात लावीन. मडकी मी फोडत नाय," तुळसा म्हणाली. "बांगडे दे इकडं."

गुणवंतीने परात पुढे केली. तुळसाने एकेक तुकडा उचलून माझ्यात अलगद ठेवला. वर आमसुले टाकली, ठेचलेली तिरफळे टाकली, आणि माझे झाकण बसवले. मग ती उठली, कोपऱ्यातले तळ चिरलेले पितळी पातेले तिने पदराने पुसले, सुपातल्या काडेपेट्या त्यात भरल्या, आणि ते माझ्या रिकाम्या जागी फळीवर ठेवून दिले.