मुगाचं कढण आणि चोंदलेलं नाक

२०२३ सालच्या जानेवारीतली ही गोष्ट. त्या थंडीत जे. पी. नगरात घरोघरी फ्लू होता. हणमंतराव अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, चिकपेठेतलं कापडाचं दुकान मुलाच्या, गिरीधरच्या, हाती देऊन घरी बसलेले. ताप उतरला, पण तीन दिवस अन्न दिसलं की मान फिरवायचे. सकाळी डॉक्टर सांगून गेले, "संध्याकाळपर्यंत पोटात काही गेलं नाही, तर दवाखान्यात ठेवून सलाईन लावावं लागेल." हणमंतरावांचा थोरला भाऊ असाच सलाईनला म्हणून गेला होता, तो परत आला नव्हता. सरस्वतीबाई तडक स्वयंपाकघरात गेल्या.

नवऱ्यासाठी त्यांनी मुगाचं कढण केलं. मूग शिजवून घोटले, पाणी गाळलं, आलं आणि चार मिरे ठेचून घातले, वरून तुपाजिऱ्याची फोडणी. पन्नास वर्षं त्यांनी रांधलं, पण कधी चाखून बघितलं नाही. नैवेद्याआधी जिभेला लावायचं नाही, मीठ उकळीच्या वासावर ओळखायचं, ही सासूबाईंची शिस्त. नवी नवरी असताना त्यांनी एकदा पळी चाटली, तर सासूबाईंनी पातेलंभर आमटी मोरीत ओतली होती.

हणमंतरावांनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "मंगळूरचा समुद्र आटवलास काय गं? बेडा, बेडा!" त्यांनी कानडीत नको म्हणून वाटी सारली.

दुसऱ्यांदा केलं ते अळणी झालं. "हे भांडी विसळलेलं पाणी," म्हणून ते भिंतीकडं तोंड करून पडले.

चार वाजले. सरस्वतीबाईंनी तिसऱ्यांदा पातेलं चढवलं आणि थांबल्या. त्यांचंच नाक दोन दिवस चोंदलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं, एवढंच. पुण्याहून आलेली सून बाहेर लॅपटॉपवर काम करत होती.

"अनुषा, जरा वास घेऊन सांग गं, मीठ बरोबर आहे का?"

अनुषा पातेल्यावर वाकली. "मिऱ्याचा वास येतोय. मिठाला वास असतो, आई?"

"असतो. तुम्हा पुणेकरांना नाकं नुसती वर करायला दिलीत."

"मग तुमचं कुठे गेलं?"

सरस्वतीबाई काही बोलणार, तोच त्यांना ओळीनं तीन शिंका आल्या.

"अहो, तुम्हालाही झालंय की! थांबा, मी टेस्ट करते." अनुषानं पळी उचलली आणि तिचा हात तिथंच राहिला. "पण नैवेद्य?"

सरस्वतीबाईंनी देवघराकडं बघितलं, मग आतल्या खोलीकडं. "देवाला आज साखर ठेव. तो काही तीन दिवसांचा उपाशी नाही."

अनुषानं तळहातावर थेंबभर घेऊन चाखलं. "थोडं हवं. अजून चिमूटभर. बास, बास!"

हणमंतरावांनी वाटी तोंडाला लावली ती रिकामी करूनच खाली ठेवली. "अजून स्वल्प आहे काय?" त्यांनी विचारलं. सहा वाजता डॉक्टरांचा फोन आला, तेव्हा त्यांची दुसरी वाटी चालली होती. दवाखाना टळला.

हणमंतराव पुढं दोन वर्षं जगले आणि घरीच, दुपारच्या झोपेत गेले. गिरीधरनं चिकपेठेतलं दुकान बंद करून मारतहळ्ळीला नवं थाटलं. अनुषाचं ऑफिसही तिकडंच, म्हणून बिऱ्हाड हललं. तिला मुलगी झाली, आता ती रांगते. सरस्वतीबाई त्यांच्याकडेच असतात. त्यांचं नाक पूर्वीसारखं झालं नाही. स्वयंपाक अनुषाच करते. मीठ किंचित कमी असतं, पण त्या वरून मागून घेत नाहीत.