चाळणीत उरलेल्या लवंगा

शशिधर आठवडाभर वॉटफर्डच्या हॉस्पिटलात लोकांची मोडलेली हाडं सांधायचा आणि रविवार आला की ट्रिंगच्या पलीकडच्या जुन्या खडूच्या खाणीत जाऊन पिशवीभर दगड घेऊन यायचा. वैजयंतीबाईंना मुलाचं हे वेड काही केल्या उमगत नसे. एवढा शिकलेला डॉक्टर, आणि सुटीच्या दिवशी पांढऱ्या चिखलात लडबडून घरी यायचा.

"अगं आई, ही सगळी जमीन पूर्वी समुद्राचा तळ होती," तो सांगे. "हे त्या समुद्रातले सी-अर्चिन. काटेरी गोळे. नऊ कोटी वर्षांपूर्वीचे."

काटे मात्र एकाही गोळ्याला नव्हते. टूथब्रशने घासून पुसून ठेवला की गोळा दिसायचा थेट अनारशासारखा, तसाच फुगीर, अंगभर ठिपके, आणि मधून निघालेल्या पाच पाकळ्या. गराजमधल्या ड्रॉवरांत असे दोनशे तरी होते. वैजयंतीबाई त्यांना अनारसेच म्हणत.

नवरा गेल्यावर शशिधर त्यांना साताऱ्याहून इकडे इंग्लंडात घेऊन आला, तो अठ्ठ्याऐंशीचा जून. व्हिसा सहा महिन्यांचा, परतीचं तिकीट दिवाळीनंतरच्या शनिवारचं. सून अनुराधा सकाळीच फार्मसीत कामाला जाई, नात शिल्पा शाळेत. भांडी मशीन घासायचं, कपडे मशीन धुवायचं. "आई, तुम्ही आता फक्त रिलॅक्स करा," असं अनुराधा अगदी मनापासून म्हणे, आणि त्या रिलॅक्स करण्याने बाईंचा जीव मेटाकुटीला येई. त्यांना एकच वाक्य ऐकायचं होतं, 'आई, जाऊ नकोस.' शशिधर ते म्हणत नव्हता. पोरगा जन्माचा घुम्या. आणि आपण होऊन 'राहू का?' असं विचारायचं, तर ते बाईंच्या स्वभावात नव्हतं. ऑक्टोबर लागताच त्यांनी बॅग भरून जिन्याखाली उभी करून ठेवली, म्हणजे कुणाला आपलं ओझं वाटायला नको.

दारापुढची रोजची रांगोळी एवढं एकच काम त्यांनी हातचं सोडलं नव्हतं. साताऱ्याहून आणलेली पुडी जुलैतच संपली. पाऊस रोज पुसायचा आणि बाई रोज काढायच्या. शशिधर म्हणाला, वेम्ब्लीच्या देशी दुकानातून आणू. ते 'आणू' काही उजाडलं नाही. मग एका रात्री त्यांनी पाहिलं, गोळे घासताना पडलेली पांढरीशुभ्र भुकटी हा पठ्ठ्या वर्तमानपत्रात गुंडाळून केराच्या बिनमध्ये टाकतोय.

"अरे, टाकतोस काय? मला दे ती."

तो हसला, पण तेव्हापासून भुकटी नेमाने स्वयंपाकघरातल्या डब्यात जाऊ लागली. फुटके तुकडेही तो एका बादलीत टाकून ठेवी. बाई ते खलबत्त्यात कुटत, मैद्याच्या चाळणीतून चाळत. चिमटीतून छान सुटायची. ठिपक्यांची ओळ दारापुढे पडली की त्यांना थोडा वेळ तरी आपण या घरातल्या आहोत असं वाटे.

वसुबारसेला रविवार होता. शशिधर खाणीत, मायलेकी खरेदीला. आज मोठी रांगोळी घालायची तर बादली रिकामी. बाईंनी शोधलं, तर घर गरम ठेवणाऱ्या बॉयलरच्या वर एक नारळाएवढा दगड ठेवलेला, कोरडा ठणठणीत. कुटायला याच्याइतका बरा कुठला मिळणार! त्यांनी बत्ता हाणला. तिसऱ्या घावाला दगड उकलला आणि आतून अनारसा निघाला, तीन तुकडे झालेला.

बाईंनी बत्ता खाली ठेवला. हा दगड तिथे मुद्दाम वाळत ठेवला होता, हे आता कळून काय उपयोग? ज्या पोराकडून 'जाऊ नकोस' ऐकायचं, त्याच्याच जिवाच्या गोष्टीवर आपण बत्ता घातला. आता तो कशाला म्हणेल? त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पण रिकामं बसणं हातांना ठाऊक नव्हतं. त्यांनी तीन तुकडे वाटीत ठेवले आणि झाला तो चुरा हळूहळू चाळायला घेतला. चाळणीत काहीतरी उरलं. लवंगांसारखे दिसणारे दगडी कण, एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला निमुळते. तांदूळ निवडावेत तसे त्यांनी ते एकेक करून निवडले आणि बशीत ठेवले. चौदा निघाले.

संध्याकाळी शशिधर दारात आला तोच शिल्पा तिच्या मोडक्या मराठीत ओरडली. "बाबा, आजी रडला! तुझी दगड तुटला."

तो स्वयंपाकघरात आला. वाटीतले तुकडे त्याने एकमेकांना लावून पाहिले. बाईंनी मान वर केली नाही.

"माझ्या हातून मोडला रे. तू वाळत ठेवला होतास ना? मला समजायला हवं होतं."

"असू दे. हाडं जोडतो, हेही जोडेन," तो म्हणाला. त्याचा आवाज मात्र पडला होता. मग त्याचं लक्ष बशीकडे गेलं. त्याने एक लवंग उचलली, दिव्याखाली धरली आणि शेजारच्या खुर्चीत बसला.

"आई, हे कुठे मिळाले?"

"त्या चुऱ्यात. चाळणीत राहिले होते. टाकवेनात."

"अगं, हे काटे आहेत. याचेच काटे. अकरा वर्षं शोधतोय मी, अंगाबरोबर काटे एकदाही मिळाले नाहीत." तो स्वतःशीच हसला. "मिळणार कसे? मी घासून केरात टाकत होतो. चाळून कधी बघितलंच नाही."

तो गराजमध्ये गेला आणि लेबलांचा ड्रॉवरच उचलून घेऊन आला. एका लेबलवर त्याने खाणीचं नाव आणि तारीख घातली, आणि खाली, कुणाला सापडलं त्या जागी, मोठ्या मराठी अक्षरांत लिहिलं, 'वैजयंती'. पाच महिन्यांत या देशात त्यांचं नाव कुणी घेतलं नव्हतं. त्या ते अक्षर न् अक्षर बघत राहिल्या.

लेबलांच्या गठ्ठ्याखाली एक घडी केलेला कागद होता. शशिधरने तो आत सारला, पण बाईंनी ओढून काढला. इंग्रजी त्यांना वाचता येत होतं. मुक्काम वाढवण्याचा अर्ज, शशिधरच्या अक्षरात पूर्ण भरलेला. तारीख ऑगस्टची. फक्त त्यांची सही राहिली होती.

"हे काय रे शशी? मला विचारायचं नाहीस?"

"विचारणार होतो." तो काट्यांकडे बघत बोलत होता. "पण तू बॅग भरलीस. मला वाटलं, तुला घराची ओढ लागली. तू नाही म्हणाली असतीस तर?"

एवढा मोठा डॉक्टर, आणि आपल्या आईला विचारायला घाबरला. बाईंनी त्याच्या केसांतून हात फिरवला. तिथेही पांढरी भुकटी होतीच, त्यात त्यांच्या बोटांची भर पडली.

"पेन दे इकडे," त्या म्हणाल्या. "आणि पुढच्या रविवारी दगड जास्त आण. वाळवायला ठेवलास तर मला सांगून ठेव."