बारा नंबरचं चाक

"बारा नंबरची आजही खात नाहीये, बाई."

संस्थेच्या प्राणीघरात एकवीस वर्षे पिंजरे धुणाऱ्या या माणसाला सगळे उंदीरवालाच म्हणत. संशोधक बाई वाकून पाहू लागल्या. प्रयोगातल्या उंदरांना दिवसातून एकच तास खाणे मिळे. वाटी भरलेली होती आणि पांढरी उंदरी पिंजऱ्यातल्या चाकावर धावत होती. पाठीचे मणके मोजता येत होते.

"उपाशी जीव खायचं सोडून पळतो कशाला?"

"भूक वाढली की काहींचं शरीर 'खा' म्हणण्याऐवजी 'पळ' म्हणतं. चाक नसलेल्या पिंजऱ्यात बघा, याच एका तासात पोटं भरतात."

"माणसांतही असंच?"

"माणसाचं इतकं सरळ नसतं हो. पण काहींच्या रक्तातच ते असतं, एवढं कळलंय. आधी निमित्ताला जेवण कमी होतं, मग शरीरच उलटं फिरतं."

"हिला तर आरसाही नाही," तो म्हणाला. "टोमणे मारायला आईही नाही."

बाई हसल्या. तो हसला नाही.

चाक वाजत होते. टक्, टक्, टक्. त्याची ताई घरचा जिना असाच चढायची, उतरायची. अंगात ताप असला तरी. आई खालून म्हणायची, "चढू दे, तेवढीच भूक लागेल."

वजन ठरलेल्या आकड्याखाली गेले, तेव्हा बाईंनी चाक अडवायला सांगितले. त्याने खिट्टी घातली. उंदरी बराच वेळ थांबलेल्या चाकावर पाय मारत राहिली. दुसऱ्या दिवशी वाटी रिकामी होती.

संध्याकाळी घरी आला तेव्हा आई भाजी निवडत होती. तीस वर्षांपूर्वी ताई नवा ड्रेस घालून पाहत असताना आई गमतीने म्हणाली होती, "दारातून मावशील ना गं?" त्या दिवसापासून ताईचे जेवण तुटले आणि दोन वर्षांत ती गेली. त्यानंतर अठ्ठावीस वर्षे आईने कुणाचीही थट्टा केली नव्हती.

त्याने तिला बारा नंबरची सगळी हकिगत सांगितली. चाक अडवल्याचे तेवढे राहू दिले.

"म्हणजे, मी ते बोलले नसते तरी?"

"तुझ्या बोलण्यानं काही झालं नाही, आई. तिच्या शरीरातच होतं ते."

आईच्या हातातली जुडी तशीच राहिली.

"आणि ते चाक कुणी थांबवलं तर?"

तो बुटाची नाडी सोडू लागला. गाठ सुटत नव्हती.

"काही उपयोग नाही," तो म्हणाला. "मरतेच."

आई बराच वेळ जिन्याकडे पाहत राहिली. मग तिने नाक मुरडले.

"जा, आधी आंघोळ कर. उंदरांचा वास मारतोय नुसता. बायको कशी नांदली तुझ्याजवळ, कोण जाणे!"

स्वयंपाकघरातून त्याची बायको खळखळून हसली. तोही हसला. बूट काढून त्याने पायात चपला सरकवल्या आणि टॉवेल घेऊन तो जिना चढू लागला. अर्ध्यावर आपल्याच पावलांचा आवाज त्याच्या कानी आला. त्याने चपला काढून हातात घेतल्या आणि उरलेल्या पायऱ्या अनवाणी चढला.