सुनेने दिलेले तीन शब्द

रुग्णालयाच्या धुलाईखान्यात माझी तीस वर्षं गेली. इस्त्री झालेला गठ्ठा उलगडायचा नाही, बाजूने दिसणाऱ्या घड्यांच्या कडा मोजायच्या, असा आमचा रिवाज. त्या आठवड्यात नव्या बाईच्या टेबलावरून रोज वीसेक चादरी कमी भरत होत्या. ती कुणाशी बोलायची नाही. येताना-जाताना काखेत भली मोठी पिशवी. मी मुकादमाच्या कानावर घातलं. तो म्हणाला, "उद्या दुपारी दाखवतो तिला घरचा रस्ता."

मराठी अक्षरं मी साठीत गिरवली. इंग्रजीची शिकवणी सध्या सून घेते. त्या संध्याकाळी तिने वहीत तीन शब्द लिहून दिले.

"खरं काय ते कळायच्या आधीच मत बनवायचे हे प्रकार, बाबा. प्रेज्युडिस म्हणजे मनात आधीच अढी. बायस म्हणजे एकीकडे झुकतं माप. अझम्प्शन म्हणजे पुराव्याशिवाय धरून चालणं. प्रत्येकाचं एक उदाहरण लिहा. मराठीत चालेल."

मी लिहिलं: नवी बाई घुमी आहे, म्हणजे आतल्या गाठीची. आमच्या जुन्या बायका असलं करणार नाहीत. पिशवीत चादरीच असणार.

सून खो खो हसली. "पैकीच्या पैकी!"

"म्हणजे माझं बरोबर ना?"

"उदाहरणं बरोबर. पिशवी बघितलीत?"

"परक्या बाईची पिशवी मी कशी उघडू?"

"मग गठ्ठा तरी उघडलात का?"

पारा चढला माझा. जेवणही गोड लागलं नाही.

सकाळी तिचा गठ्ठा उलगडला. कित्येक घड्यांत दोन-दोन चादरी, एकीत एक. एका खाटेची खालची आणि वरची. वॉर्डातल्या बायकांना जोडी शोधावी लागू नये म्हणून. मी कडा मोजत बसलो होतो.

मुकादमाने डोळे बारीक केले. "काल चोर, आज साव? काय दिलं हो तिने तुम्हाला?"

मी गठ्ठा त्याच्या टेबलावर आपटला. त्याने दोनदा मोजला. "राहू दे मग," म्हणाला, पण नजर माझ्यावरच.

बाईच्या कानावर सगळं गेलंच. आता ती शेजारणीला साक्षीला उभी करते आणि एकेक चादर माझ्यासमोर उलगडते. "नीट बघा हं, काका. मागाहून नको."

मी बघतो. मग त्या सगळ्या चादरींच्या जोड्या लावून पुन्हा घड्या घालत बसतो. ती मदतीला येत नाही, आणि मीही बोलावत नाही.