खैरियतीची कॅसेट

नोकरीसाठी दूर गेलेल्या माणसाला घरची कोणती बातमी कळवायची आणि कोणती गिळून टाकायची, हा प्रश्न आपल्यापैकी कुणाच्या घरात पडलेला नाही? भिवंडीच्या तय्यबाबींच्या घरात मात्र तो कधी पडत नसे. तिथे ठरलेलेच होते. दर्यावर फक्त खैरियत, म्हणजे सगळे ठीक असल्याचीच बातमी, जायची.

तय्यबाबींचे शौहर उभा जन्म जहाजावर होते. त्यांच्यामागे थोरला मुलगा मुनीर किनाऱ्याकिनाऱ्याने माल नेणाऱ्या एका जहाजावर अधिकारी झाला. धाकटा हाशिम घराच्या तळमजल्यावरचे कापड विणायचे लूम सांभाळी. दर महिन्याला मुनीरसाठी एक कॅसेट भरली जाई. टेपरेकॉर्डर मध्ये ठेवून सगळे भोवती बसत आणि तय्यबाबी सलाम करून सुरुवात करत. कुणाकडे लग्न ठरले, कुणाला मुलगा झाला, सगळे सविस्तर. मध्येच कुणी खोकले तरी त्या बटण दाबून टेप बंद करत. उगाच पोराच्या मनात शंका नको. त्यांची स्वतःची आई वारली, तेव्हाही शौहर घरी येईपर्यंत त्यांनी अवाक्षर कळवले नव्हते, आणि ही गोष्ट त्या अभिमानाने सांगत.

मुनीरची बायको आबिदा हिच्या वाट्याला कॅसेटचा शेवट येई. सासू, दीर, शेजारणी समोर बसलेल्या असताना नवऱ्याशी बोलणार तरी काय? "मी बरी आहे. माजिदा बरी आहे. तब्येतीला जपा." एवढे बोलून ती पदर सावरत उठे. बाकीचे सगळे, म्हणजे त्याच्या बाजूची उशी तिने अजून हलवली नाही, माजिदाची हनुवटी थेट त्याच्यासारखी होत चालली आहे, गल्लीत कुणी त्याच्यासारखे बूट वाजवत गेले की हातातली पोळी करपते, हे सगळे तिच्यापाशीच राही.

माजिदा दोन वर्षांची होत आली होती. शांत मुलगी. खाली लूम धडधडत असले तरी वर गाढ झोपायची. भिवंडीत याचे कुणाला नवल वाटणार? लूमवाल्या घरातली मुले तशीच. लूम चालू असले की झोपतात. हाशिम तर कौतुकाने म्हणायचा, "आपली माजिदा पक्की कारागीर हाय भाभी. शिफ्ट संपल्याशिवाय उठत न्हाय."

एका दुपारी वीज गेली. गल्लीतले सगळे लूम एकदम थांबले. आणि मग लूम थांबले की व्हायचे तेच झाले. अचानक पडलेल्या शांततेने दचकून शेजारच्या घरातले मूल रडत उठले, मग समोरचे, मग पलीकडचे. माजिदा झोपलेलीच होती. आबिदा भाजी निवडता निवडता थांबली. तिने टाळी वाजवली. मग पातेले उचलून फरशीवर आपटले. आवाजाने तय्यबाबी धावत आल्या, "काय फोडलंस गं?" माजिदाने पापणीही हलवली नाही. आबिदाने तिच्या तळपायाला बोट लावले, तशी ती डोळे उघडून आईकडे बघून गोड हसली.

गावातल्या डॉक्टरांनी मुलीला तपासले आणि मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात कान दाखवायला सांगितले. उशीर करू नका, जीभ याच वयात शिकते, असे त्यांनी बजावलेही. पण तय्यबाबींना ते पटले नाही. मुनीरसुद्धा उशिराच बोलायला लागला होता. तो रजेवर येऊ दे, मग बघू. आणि रजा तर पुढच्या पावसाळ्यात. हाशिम म्हणाला, भाईला विचारल्याशिवाय त्याच्या लेकीला मी मुंबईला कसा नेऊ? आणि भाईला विचारायचे म्हणजे कळवायला हवे. कळवायला अम्माची मनाई. अशी ती वाट चारी बाजूंनी बंद झाली, आणि माजिदाचा एकेक दिवस मुका जाऊ लागला.

टेपरेकॉर्डरचा पट्टा सैल झाला होता म्हणून आबिदा तो घेऊन जब्बारचाचांच्या दुकानी गेली. खरे तर पट्टा हे निमित्त होते. जब्बारचाचा जहाजावर वायरलेसचे अधिकारी होते, तय्यबाबींच्या शौहरबरोबर त्यांनी अनेक सफरी केल्या होत्या. आता ते रेडिओ दुरुस्त करत. पण फळीवरचा मोठा रेडिओ त्यांनी दर्याच्या लहरींवर लावून ठेवला होता. दुपारी त्यावर किनाऱ्यावरच्या जहाजांसाठी धोक्याच्या सूचना यायच्या. खरखरीतून एक माणूस इंग्रजीत संथपणे काहीतरी वाचे. आबिदाला अक्षरही कळत नसे. पण हाच आवाज या घटकेला मुनीरच्याही कानात पडत असेल, एवढे तिला माहीत होते. तेवढ्यासाठी ती स्टुलावर बसून राही.

त्या दिवशी तिने विचारले, "हा माणूस रोज काय सांगतो चाचा?"

चाचांनी ऐकता ऐकता अर्थ सांगितला. दक्षिणेकडच्या एका दीपगृहाचा दिवा बंद पडला आहे. तेलविहिरीजवळ एक बोट लांब तार ओढत चालली आहे, तिच्यापासून लांब राहा. एक उलटलेला मचवा वाहत निघाला आहे. मुनीर आणि त्याच्यासारखे अधिकारी हे ऐकतात आणि नकाशावर लगेच पेन्सिलीने खूण करतात. नकाशा छापला तेव्हाचा समुद्र आज तसाच असतो असे नाही.

"यात चांगली बातमी कधीच नसते?"

चाचा हसले. "चांगल्या बातमीवर जहाज आपटत न्हाय पोरी."

आबिदाचे डोळे भरून आले. मग तिने पातेल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळे सांगितले. चाचांनी हातातला पेचकस खाली ठेवला. एकदा, ते सांगू लागले, एका जहाजाला वाटेत बुडलेल्या मालवाहू बार्जची डोलकाठी पाण्यावर दिसली. कप्तानाने आपले जहाज वळवले आणि पुढे गेला. उगाच सगळ्यांना कशाला घाबरवा, म्हणून त्याने कुणाला कळवले नाही. मागून येणाऱ्याने त्याच रात्री तळ फोडून घेतला. "दर्याचा कायदा असा हाय, की ज्याला धोका दिसला त्याने आधी बोलायचं. ज्याला लागेल त्यालाच न्हाय, सगळ्यांना. तुला दिसलाय. तू गप्प बसलीस तर मागून कोण येतंय बघ. तुझी लेकच."

"अम्मा बोलू देणार नाहीत. त्यांचंही चुकत नाही हो. पोराच्या मायेपोटी करतात."

"तय्यबाभाभीची माया मला माहीत हाय. चल, रेकॉर्डर मीच आणून देतो."

त्या संध्याकाळी कॅसेट भरायला सगळे बसले. चाचांनी पट्टा बसवून टेप लावून दिली, पण बटण दाबले नाही. ते तय्यबाबींना म्हणाले, यात माजिदाच्या कानाचेही सांगा. तय्यबाबी उसळल्या. आपण संसार केला तो खैरियतीवर. दर्यावरच्या माणसाचे मन हलले की हात हलतो. शौहरला कधी एका वाईट शब्दाने त्रास दिला नाही, म्हणून ते तिकडे सुखाने झोपायचे.

चाचा त्यांच्याकडे वळून बसले.

"भाभी, तुझं खत आलं की तुझा शौहर रात्रभर डेकवर चालायचा. मला उठवून म्हणायचा, जब्बार, यात सगळंच चांगलं लिहिलंय. म्हणजे काय झालं असेल? एकदा तर म्हणाला, तय्यबा एवढं सावरून लिहिते, तिला रडायला तरी कुणी असेल का रे तिथं?"

खाली लूम चालूच होते. तय्यबाबींनी डोक्यावरची ओढणी पुढे ओढली. किती वर्षे त्यांनी एकटीने ओझे उचलले होते, आणि ज्याच्यासाठी उचलले तो तिकडे जागाच होता! त्यांचा हात माजिदाच्या केसांवरून फिरला. मग त्यांनी स्वतःच बटण दाबले.

"मुनीर, बेटा," त्या म्हणाल्या, आणि आवाज फाटला तरी त्यांनी टेप थांबवली नाही. "आज खैरियत न्हाय. तुझ्या लेकीला ऐकू येत न्हाय असं वाटतं. आबिदाला आधी कळलं. मी तिला बोलू दिलं न्हाय."

हाशिमने सकाळच्या गाडीने जाऊन कॅसेट मुंबईच्या एजंटाच्या कचेरीत पोचवली. जहाज कोचीला लागल्यावर ती मुनीरच्या हाती पडली, आणि चाचांच्या शेजारच्या किराणा दुकानात ट्रंक कॉल आला. तय्यबाबी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या. मुनीर रागावला नाही. हाशिमने आबिदा-माजिदाला घेऊन उद्याच मुंबईला जावे, मी इथून बदली माणूस मिळतो का बघतो, असे तो म्हणाला. मग त्याने आबिदाला फोन मागितला.

दुकानात गिऱ्हाइके होती, सासू होती, दीर होता. आबिदाने फोन कानाला लावला.

"इतके दिवस एकटीने कसं धरून ठेवलंस गं?" तो म्हणाला. "मी होतो ना."

आबिदाला एक शब्द बोलता येईना. तारेतून दोघांचा श्वास तेवढा जात-येत राहिला. तिच्या सगळ्या कॅसेटमध्ये मिळून जे गेले नव्हते ते त्या घटकाभरात गेले.

मुंबईला कान तपासले. माजिदाला अगदी थोडे ऐकू येत होते. डॉक्टर म्हणाले, बरे झाले आत्ता आणलीत, लोक शाळेत घालायच्या वयात आणतात. कानाला ऐकायचे मशीन बसले, बोलायला शिकवायला बाई मिळाल्या. बदली माणूस मिळायला वेळ लागला, आणि मुनीरची वाट पाहणे काही संपले नाही. पण आता ते दोघांचे वाट पाहणे होते. तो तिकडून माजिदा काय बोलायला शिकली ते विचारी, ती इकडून सांगे. आज एक शब्दही आला नाही, हेसुद्धा सांगे.

वाचकहो, आपल्यातले कितीतरी जण घरापासून दूर राबतात. कुणी दर्यावर, कुणी आखातात, कुणी फक्त पलीकडच्या शहरात. त्यांना जपायचे म्हणून आपण घराचा एक कोरा, स्वच्छ नकाशा त्यांच्या हाती देतो. पण जहाज सांभाळणारी माणसे अशा नकाशावर भरवसा ठेवत नाहीत, आणि तीच रीत घरालाही लागू पडते. वाईट बातमी वेळेवर सांगणे ही निर्दयता नव्हे. ज्याच्यावर तुमची माया आहे, त्याला उथळ जागा कुठे आहे ते सांगा. वाट तो तुमच्याबरोबर काढील.