साठ डाव्या बाह्या

“मास्तर, ही पण डावीच हो!”

बाह्या जोडणाऱ्या मावशींनी विसावी बाही कापायच्या टेबलावर टाकली तेव्हा मास्तर हसले. म्हणाले, “आधी चष्मा पुसा.” मग त्यांनी स्वतःच गठ्ठा उलगडला. एक डावी, दुसरी डावी, तिसरीही डावी. तीस जॅकेटांच्या साठ बाह्या, आणि उजवी म्हणून औषधालासुद्धा नाही.

चूक तरी कसली, तर शिकाऊ माणूस पहिल्या आठवड्यात करतो ती. कापडाचे थर समोरासमोर तोंड करून अंथरायचे, म्हणजे एका कापात डावी-उजवी जोडी निघते. मास्तरांनी सगळे थर एकाच तोंडाने अंथरले होते. कापडाला सुलटी-उलटी बाजू होती, त्यामुळे बाही पालथी करून भागण्यासारखं नव्हतं. ताग्यात हातरुमालापुरतंही कापड उरलं नव्हतं. सत्तावीस वर्षं याच टेबलाशी उभा राहिलेला माणूस! कारखान्यातले लोक त्यांच्या कात्रीची शपथ घ्यायचे.

खरं सांगायचं तर हे काही अचानक झालं नव्हतं. दुसरा कटर सोडून गेला, त्याचंही काम अंगावर घेऊन, सुट्ट्या मोडून मास्तर दोन वर्षं एकट्याने टेबल रेटत होते. झोप उडाली होती. गेल्या महिन्यात खिसे उलटे कापले गेले, ते त्यांनी गुपचूप निस्तरले. परवा तर हातात खडू धरून दहा मिनिटं नुसते उभे होते. काय आखायचंय तेच आठवेना. पण कुणाजवळ ब्र काढला नाही.

मालक आले. मास्तर बोलणी खायला तयारच होते. मालकांनी आवाज चढवला नाही, तिथेच मास्तरांचा धीर सुटला.

“मास्तर, घरी जा. महिनाभर येऊ नका.”

“मालक, आज उशिरापर्यंत थांबतो ना मी, काहीतरी करून—”

“कापड संपलंय, मास्तर. आणि तुमच्यातही काही उरलेलं दिसत नाही.”

भर दुपारी नवऱ्याला दारात बघून बायको चरकली. मास्तरांनी खिशातून एक बाही काढून तिच्यापुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. ऐकून ती म्हणाली, “बरं झालं.”

“बरं झालं? तीस जॅकेटांची माती झाली, माझी अब्रू गेली, आणि म्हणे बरं झालं!”

“बाह्याच गेल्या ना? उद्या त्या कापड कापायच्या मशीनच्या पात्याखाली बोटं गेली असती तुमची! किती दिवस सांगतेय, अहो, थांबा जरा. माझं नाही ऐकलंत. या बाह्यांचं तरी ऐका.”

मास्तर खाली बसले. “थांबलो तर माझं उरतं काय गं? मला दुसरं येतं तरी काय?”

तिने बाहीची घडी करून ती कपाटात ठेवली आणि वळून पाहिलं. मास्तरांचा उजवा हात मांडीवर पडला होता, पण अंगठा आणि बोटं मिटत होती, उघडत होती, कात्री चालवल्यासारखी. त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

ती शेजारी बसली. तो हात तिने आपल्या दोन्ही हातांत धरला. तिच्या मुठीतही तो बराच वेळ चालतच राहिला. तिने सोडला नाही.