आरशातली फुंकर

विमा कंपनीत त्यांना सगळे पोचेसाहेब म्हणत. हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. रस्त्याच्या पलीकडे उभ्या असलेल्या गाडीच्या दारावरचा पोचा त्यांना अलीकडून दिसायचा, म्हणून कुणीतरी गमतीत ठेवलेलं नाव चिकटलं ते चिकटलंच. नव्याने नोकरीला लागलेल्यांना ते खरंच आडनाव वाटे, आणि पोचेसाहेबही ते दुरुस्त करायच्या भानगडीत पडत नसत.

कुठे गाडी ठोकली, कुठे आग लागली, कुठे पाणी शिरलं, की तिथे जायचं, काय काय मोडलं ते पाहायचं, त्याचे फोटो काढायचे आणि अहवाल लिहायचा, हे त्यांचं काम. ते त्यांच्या इतकं अंगात मुरलं होतं की घरीही सुटत नसे. मेहुणीच्या लग्नात सगळ्यांनी मोठ्या हौसेने त्यांच्या हाती कॅमेरा दिला. फोटो आले तेव्हा त्यात नवरानवरी होती, नाही असं नाही, पण बरोबर मधोमध हॉलच्या छताला गेलेली भेग होती. तीही इतकी स्वच्छ आली होती की गवंड्याला दाखवून दुरुस्ती करून घेता आली असती. मेहुणी पुढे बरेच दिवस त्यांच्याशी तुटक बोलत होती.

"या घरातल्या एकूण एक भेगेचा फोटो आहे तुमच्याकडे," बायको म्हणायची. "मी मात्र एकातही धड नाही."

"तू हलतेस," पोचेसाहेब म्हणायचे.

"भेगा हलत नाहीत, एवढंच त्यांचं भाग्य."

मग पोचेसाहेब चहा मागायचे.

तर असेच एका सकाळी ते एका सलूनमध्ये गेले. वरच्या मजल्यावरचा पाण्याचा पाइप फुटून रात्रभर सगळं पाणी खालच्या दुकानात उतरलं होतं. फरशीवर अजून जागोजागी पाणी साचलेलं, प्लायवूडची कपाटं फुगून त्यांची दारं लागेनाशी झालेली, नव्याकोऱ्या खुर्च्यांच्या गाद्यांनी पोटभर पाणी प्यायलेलं. एक फळी निसटून भिंतीवरच्या मोठ्या आरशावर पडली होती आणि आरशाला या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा गेला होता. दुकानाची मालकीण साडी खोचून फरशी पुसत होती. कोपऱ्यात एक म्हातारे गृहस्थ पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून उभे होते.

"मी माझं काम करतो, तुमचं चालू द्या," पोचेसाहेब म्हणाले आणि कॅमेरा डोळ्याला लावला.

अशा ठिकाणी ते माणसांकडे बघत नसत. ते काही दगडाच्या काळजाचे नव्हते. पण नोकरीच्या सुरुवातीलाच त्यांच्या लक्षात आलं होतं की जळालेल्या किंवा बुडालेल्या घरात माणसाच्या चेहऱ्याकडे बघितलं की हात कापतो आणि फोटो हलतो. म्हणून ते थेट मोडलेल्या वस्तूवर नजर लावायचे आणि ती हटू द्यायचे नाहीत. त्या दिवशीही त्यांनी कपाटं घेतली, खुर्च्या घेतल्या, भिंतीची ओल घेतली. आरशाचा तडा जवळून, लांबून, तिरका, सगळ्या बाजूंनी घेतला. मग मालकीणबाईंची सही घेतली आणि निघाले.

पुढच्या आठवड्यात मोठ्या साहेबांनी त्यांना खोलीत बोलावलं. मोठे साहेब म्हणजे अगदी कोरडा माणूस. त्यांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं, आणि कुणी पाहिलं असेल तर त्याने ते सांगितलं नव्हतं. त्यांच्या संगणकाच्या पडद्यावर आरशाच्या तड्याचा फोटो होता.

"हे काय आहे?"

"आरसा आहे साहेब. आडवा तडा गेलाय. बदलावा लागेल."

"तडा दिसतोय मला. आरशात काय आहे?"

पोचेसाहेब वाकून बघू लागले. साहेबांनी फोटो मोठा केला. तड्याच्या वरच्या बाजूला ते म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी एका हातात केस वाळवायचा ड्रायर पिस्तुलासारखा धरला होता, आणि गाल फुग्यासारखे फुगवून ते एका भिजलेल्या खुर्चीवर तोंडाने फुंकर मारत होते. तड्याच्या खाली मालकीणबाई होती. एक हात पोटावर, दुसऱ्या हातात ओलं फडकं, आणि हसून हसून तिचे डोळे मिटलेले. खिडकीतून आलेलं ऊन जमिनीवरच्या पाण्यावर पडून दोघांच्या तोंडावर नाचत होतं.

"दुकान बुडाल्यावर माणसं अशी हसतात का?" साहेबांनी विचारलं. "तुम्ही इतकी वर्षं फिरताय. कुणी हसताना पाहिलंय?"

"नाही साहेब."

"मग हे का हसतायत? तुम्ही तिथेच होतात ना?"

"होतो."

"मग?"

पोचेसाहेब तिथेच होते, चार हातांवर होते, आणि आपल्या पाठीमागे हे सगळं चाललंय याचा त्यांना पत्ताही नव्हता.

"पाणी आपोआप शिरलं की शिरवलं, ते नीट बघा," साहेब म्हणाले. "जाऊन विचारा."

पोचेसाहेब त्याच दुपारी गेले. दुकानातलं पाणी उपसून झालं होतं, दारं उघडी टाकली होती, आणि बाहेर पायरीशेजारी एक जुनी लोखंडी खुर्ची मांडून मालकीणबाई एका गिऱ्हाइकाचे केस कापत होती. पोचेसाहेबांना परत आलेलं पाहून तिच्या हातातली कात्री थांबली.

"काही राहिलं का साहेब?"

"एक विचारायचं होतं," असं म्हणून त्यांनी फोटो पुढे केला.

तिने तो पाहिला आणि पायरीवर बसलीच. आधी त्यांना वाटलं, घाबरली. मग दिसलं की तिचे खांदे हलतायत. गिऱ्हाईक अर्ध्या कापलेल्या केसांनी मान वळवून बघू लागलं, तसा तिने फोटो त्यालाही दाखवला.

"हे माझे सासरे," ती म्हणाली. "हे दुकान त्यांचंच. सगळा जन्म इथे काढला त्यांनी, याच लोखंडी खुर्चीमागे उभं राहून. हात थरथरायला लागला तसं त्यांनी ते माझ्याकडे दिलं. मी नव्या खुर्च्या आणल्या, आरसा लावला, ड्रायर आणला. बाबा बघायला आले, ड्रायर हातात घेऊन म्हणाले, 'डोकं आहे की धुणं, वाळत घालायला?' आणि जे गेले ते परत आत आलेच नाहीत. घरी सगळं बोलायचे. माझ्या हातचं जेवायचे. पण दुकानाचा विषय निघाला की ताटावरून उठायचे."

"मग त्या दिवशी?"

"त्या दिवशी पाणी शिरल्याचं कळलं, तसे न बोलावता बादली घेऊन माझ्याआधी हजर. मी आले, हे सगळं पाहिलं, आणि मला रडूच फुटणार होतं. तुम्ही आलात म्हणून कसंबसं आवरून फरशी पुसत होते. तेवढ्यात बाबांनी ड्रायर उचलला, खुर्चीवर धरला आणि बटण दाबलं. वीज कुठली, सगळी बंद. मग अगदी गंभीर तोंड करून म्हणाले, 'थांब, आमच्या वेळचं यंत्र काढतो.' आणि लागले फुंकर मारायला." तिने डोळे पुसले. "रडायचं होतं साहेब, ते हसू होऊन बाहेर पडलं."

"मला काहीच ऐकू आलं नाही," पोचेसाहेब म्हणाले.

"तुम्ही आरशाला नाक लावून उभे होतात. बाबांनी तर मला विचारलं, 'या गृहस्थांचं काही हरवलंय का?'"

गिऱ्हाईक हसलं. पोचेसाहेबांनाही हसू आलं, पण ते थोडंसंच. परतताना त्यांनी बस सोडून दिली आणि चालत निघाले. ज्या ज्या घरांत आजवर आपण गेलो, त्या प्रत्येक घरात आपल्या पाठीमागे काय काय चाललं असेल, हा विचार काही त्यांच्या डोक्यातून जाईना. सगळीच माणसं काही हसत नसतील. पण कुणी कुणाला पाणी दिलं असेल, कुणी कुणाच्या खांद्यावर हात ठेवला असेल. आपल्याकडे तिथल्या फक्त मोडक्या कपाटांचे फोटो आहेत.

मोठ्या साहेबांना त्यांनी सगळं जसंच्या तसं सांगितलं, फुंकरीसकट. वरच्या मजल्यावरचा गंजलेला पाइप पाहून आल्याचंही सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि कागदावर मंजुरीची सही केली.

"हा फोटो अहवालातून काढून टाका," ते म्हणाले. पोचेसाहेब दारापर्यंत पोचले तेव्हा मागून आवाज आला, "टाकून देऊ नका मात्र. मला एक पाठवा."

"कशासाठी साहेब?"

"असाच."

त्यानंतर पोचेसाहेबांनी एक नवीन सवय लावून घेतली. काम संपलं की कॅमेरा पिशवीत टाकायच्या आधी एकदा मागे वळून बघायचं. सुरुवातीला जमेना. वळले की नजर आपोआप एखाद्या टवक्यावर जाऊन बसायची. पण हळूहळू इतर गोष्टी दिसू लागल्या. गॅरेजमध्ये चेपलेल्या गाडीखाली झोपून काम करणाऱ्या मेकॅनिकचे फक्त पाय बाहेर होते, दोन पायांत दोन रंगांचे मोजे, आणि रेडिओवरच्या गाण्याबरोबर अंगठे ताल धरत होते. जळालेल्या गोदामाच्या काळ्याठिक्कर खिडकीत पहारेकऱ्याने आपला धुतलेला पांढरा सदरा वाळत घातला होता, आणि वाऱ्याने त्याच्या बाह्या अशा उडत होत्या की सदराच कुणाला तरी बोलावतोय असं वाटावं. ते माणसांना विचारून फोटो काढायचे. काही नको म्हणायची, तेव्हा नुसतेच बघून घ्यायचे. हात कापायचा कधी कधी. एखादा फोटो हलायचाही. त्याचं त्यांना आता फारसं वाटेनासं झालं.

फुंकरीचा फोटो मोठा करून ते सलूनमध्ये द्यायला गेले, तेव्हा सासरेबुवा लोखंडी खुर्चीत बसले होते. खुर्ची आता दुकानाच्या आत आली होती, थेट नव्या आरशासमोर. त्यांनी फोटो हात लांब करून न्याहाळला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हा बेडूक कोण?"

"तुम्हीच आहात बाबा," सून म्हणाली.

"असला फोटो भिंतीवर लावशील तर गिऱ्हाइकं पळून जातील. साहेब, एक नीट काढा."

मग नीट काढायची तयारी झाली. सासरेबुवांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं, विंचरलेले केस पुन्हा विंचरले, आणि श्वास रोखून असे ताठ बसले की पोलीस पकडायला आलेत असं वाटावं. पोचेसाहेबांनी मुकाट्याने फोटो काढला. तो पाहून सासरेबुवांचं समाधान झालं. सुनेने भिंतीवर दोन्ही लावले, आणि गिऱ्हाइकं त्यातल्या कुठल्या फोटोसमोर थांबून हसतात हे सासऱ्यांना कळू नये म्हणून बेडकाशेजारीच एक विनोदी कॅलेंडर टांगलं.

घरी मात्र पोचेसाहेबांना बरेच दिवस धीर होईना. बायकोकडे कॅमेरा वळवला की ती लगेच पदर सारखा करायची, मान ताठ करायची, आणि तिचा चेहरा सासरेबुवांसारखा व्हायचा.

एका रविवारी ती उशांना धुतलेले अभ्रे घालत होती. हनुवटीखाली उशी दाबून धरलेली, दोन्ही हात कोपरापर्यंत अभ्र्यात, आणि उशी काही केल्या आत जाईना, म्हणून ती तिच्याशी पुटपुटत भांडत होती. पोचेसाहेब दारात उभे होते. "हलू नको" असं त्यांच्या अगदी ओठावर आलं होतं, ते त्यांनी गिळलं आणि बटण दाबलं.

"हे काय?" तिने उशी सोडून विचारलं.

त्यांनी कॅमेरा तिच्या हातात दिला. ती बराच वेळ बघत राहिली.

"मी अशी दिसते?"

"रोज."

"केस बघा कसे झालेत."

"हं."

"आणि मागच्या खिडकीच्या काचेला तडा गेलाय. हा कधी गेला?"

पोचेसाहेबांनी वाकून फोटो पाहिला, मग मान वळवून खिडकी पाहिली. तडा होता खरा, चांगला वीतभर.

"माझ्या लक्षातच आला नाही," ते म्हणाले.

बायकोने त्यांच्याकडे एकदा नीट निरखून पाहिलं, आणि मग कॅमेरा घेऊन शेजारी दाखवायला गेली. तिकडे बराच वेळ हसण्याबोलण्याचे आवाज येत राहिले. अर्धे अभ्रे तसेच राहिले होते, ते पोचेसाहेबांनी घातले. उशी हनुवटीखाली धरली की काम सोपं होतं, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं.

ती परत आली ती हुकूम घेऊनच. शेजारच्या काकूंनाही आपला एक फोटो हवा होता, त्यांच्या मांजरीसोबत. पण मांजर भारी द्वाड आहे, क्षणभरही एका जागी बसणार नाही, हे काकूंनी आधीच बजावून ठेवलं होतं.

"नाही बसली तरी चालेल," पोचेसाहेब म्हणाले आणि चपला घालू लागले.